दादर : दोन रेल्वेंचे एक स्थानक

मुंबईच्या उपनगरी वाहतुकीत दादर हे एक स्थानक म्हणून ओळखले जात असले, तरी वस्तुतः ती शेजारीशेजारी वसलेली आणि पादचारी पुलांनी जोडलेली दोन स्थानके आहेत, आणि तेथे नवख्याची जी तारांबळ उडते तिचे मूळ बव्हंशी या जुळेपणातच आहे. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., या कंपनीचा बोरीबंदर ते ठाणे हा सुमारे ३४ किलोमीटरचा मार्ग १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाला. बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया, म्हणजे बी.बी.सी.आय., या दुसऱ्या कंपनीचे रूळ गुजरातकडून येऊन १८६४ मध्ये ग्रँट रोडपर्यंत पोहोचले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी या रेल्वेंच्या जागी मध्य आणि पश्चिम रेल्वे आल्या. दोन्हींचे मालक सरकारच होते, पण कारभार वेगळाच राहिला.

स्थानकाची मांडणी पश्चिमेकडून पूर्वेकडे वाचली म्हणजे उलगडते. दोन्ही रेल्वेंवर धीमे मार्ग, म्हणजे प्रत्येक स्थानकावर थांबणाऱ्या लोकलचे रूळ, पश्चिमेला असून मोजकेच थांबे घेणाऱ्या जलद गाड्यांचे मार्ग त्यांच्या पूर्वेला आहेत. त्यामुळे पश्चिम रेल्वेच्या धीम्या लोकलमधून उतरून मध्य रेल्वेची जलद लोकल पकडू पाहणाऱ्याला पुलावरून जवळजवळ संपूर्ण स्थानक ओलांडावे लागते, आणि तेही सेनापती बापट मार्गालगतच्या फुलबाजारातून निघालेल्या टोपल्या व पाट्या चुकवत. गर्दीचा खरा ताण फलाटांपेक्षा या पुलांवर आणि त्यांच्या जिन्यांवर पडतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे लोटणाऱ्या जनसमुदायाच्या वेळी तो विशेष जाणवतो.

दोन्ही रेल्वेंचे फलाट स्वतंत्रपणे एकपासून मोजले जात, त्यामुळे ‘चार नंबरवर भेटू’ या निरोपाला ‘सेंट्रलच्या की वेस्टर्नच्या?’ हा प्रश्न अटळ असे. १९५१ नंतर सात दशके हा घोळ चालू द्यावा, याला शासकीय सोशिकपणाच म्हटले पाहिजे. अखेर ९ डिसेंबर २०२३ पासून पश्चिम रेल्वेचे १ ते ७ हे क्रमांक कायम ठेवून मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ ते १४ असे पुढचे क्रमांक देण्यात आले. पूर्वीचे सात आणि आठ मिळून पंधरा फलाट होत असताना नवी मोजणी चौदावर थांबते, कारण मध्य रेल्वेचा जुना फलाट क्रमांक २ बंद करून त्याची जागा लगतचा फलाट क्रमांक १, म्हणजे आताचा ८, रुंद करण्यासाठी वापरली गेली. त्यासाठी दादरहून सुटणाऱ्या मध्य रेल्वेच्या धीम्या लोकल आधीच परळला हलवण्यात आल्या होत्या.