‘बा’ म्हटलं की मोत्या येतो!

पांढुर्णा जिल्ह्यातलं, सौसर तालुक्यातलं बोरगाव हे माझं गाव. नोकरी सीमाभागात, पण दिवाळी गावीच. गेल्या दिवाळीला घरात पाऊल ठेवलं, तर धाकटा भाऊ वैतागलेला. मोत्यानं गवळ्याचा पायजमा फाडला होता. “दादा, याले आता दूर कुठंतरी सोडूनच येतो,” तो म्हणाला. आतल्या खोलीत पुतणी रडत होती.

मी मोत्याकडे नीट पाहिलं. शेपूट पायांत, कान मागे, खाटेआडून भुंकणं. हा राग नव्हता, भीती होती. “मोत्या, ये!” म्हणून त्याला बोलवायचं, आणि आला की साखळी किंवा छडी! मग ‘ये’ हा शब्द ऐकताच तो दडून बसू लागला, यात नवल ते काय?

माझी पत्नी धारवाडची. ती म्हणाली, “याला नवा शब्द द्या.” ती अंगणात पाठमोरी बसली, हळूच “बा” म्हणाली आणि उकडलेल्या अंड्याचा तुकडा बाजूला टाकला. त्या कन्नड शब्दाला माराची आठवण चिकटलेली नव्हती. तिसऱ्या दिवशी मोत्या तिच्या हातून खाऊ लागला.

आता राहिला गवळी. १९२४ साली मेरी कव्हर जोन्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या मुलाची हकिकत प्रसिद्ध केली होती. पीटर आवडीचं खात असताना ससा थोडा थोडा जवळ आणला जाई. आम्ही तेच केलं. मोत्याला साखळीत धरून गवळ्याला लांब, मोत्या शांत राहील इतक्या अंतरावर उभं केलं. गवळी दिसला की खाऊ, गेला की खाऊ बंद. मोत्या ताठरला की अंतर वाढवायचं. घाई नाही, ओरडणं नाही.

वाचकहो, कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली, तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. मुलांना एकटं त्याच्याजवळ सोडू नका. रेबीजची लस वेळेवर द्या. आणि कुत्रा चावलाच, तर जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन लगेच दवाखाना गाठा. स्वभाव एकाएकी बदलला असेल, तर आधी जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. दुखण्यामुळेही कुत्रा चिडतो.

सुट्टी संपल्यावर पुतणीनं भावाच्या देखरेखीखाली हे नेटानं चालू ठेवलं. फटाके वाजले की मोत्या अजूनही खाटेखाली शिरतो. परक्यानं हात लावलेला त्याला आजही खपत नाही. पण संक्रांतीला फोन आला, तेव्हा गवळी दारात दूध मोजत होता आणि मोत्या ओसरीवर शांत बसला होता. त्याला सोडून येण्याची गोष्ट भावानं पुन्हा काढली नाही.

फोनवर पुतणी ऐटीत सांगत होती, “मोठीआई, आपल्या मोत्याले कन्नड येते!”