महागडी स्टिक की मुरलेला हात?

मुलाला पहिली चांगली बॅट घ्यायची वेळ आली की घरात एक चर्चा हमखास होते. काश्मीर विलोची घ्यावी की इंग्लिश विलोची? किमतीत काही पटींचा फरक असतो. मुलाचा डोळा महागडीवर असतो आणि वडिलांचा किमतीच्या चिठ्ठीवर. कॅनडातल्या घरांत हीच चर्चा आइस हॉकीच्या स्टिकवरून होते. तिथे नामांकित कंपनीची वरच्या श्रेणीची स्टिक तीनशे डॉलरच्या पुढे जाते, म्हणजे आपले अठरा-वीस हजार रुपये. साधी स्टिक शंभर डॉलरच्या आसपास किंवा त्याहून कमी किमतीत मिळते. शिवाय स्टिक तुटते, आणि वाढत्या वयाच्या मुलाला वर्ष-दोन वर्षांत तोकडीही पडते. मग स्वस्त स्टिक प्रत्यक्ष खेळात कितपत कमी पडते, हा प्रश्न अगदी व्यवहाराचा ठरतो.

वैद्यकशास्त्राला हा प्रश्न ओळखीचा आहे. जेनेरिक गोळी आणि नामांकित कंपनीची गोळी यांतले औषध तेच असते, तरी ‘महागडीने जास्त गुण आला’ असे सांगणारे रुग्ण रोज भेटतात. ते खोटे बोलत नसतात. अमेरिकेत २००८ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात निरोगी स्वयंसेवकांना वेदनाशामक म्हणून एक गोळी दिली. गोळीत औषध मुळीच नव्हते. काहींना तिची किंमत अडीच डॉलर सांगितली, तर काहींना दहा सेंट. नंतर विजेचे सौम्य झटके देऊन वेदना किती झाली ते विचारले. अडीच डॉलरवाल्या गटात सुमारे ८५ टक्के लोकांनी वेदना कमी झाल्याचे सांगितले, दहा सेंटवाल्या गटात ६१ टक्के लोकांनी. म्हणजे नुसत्या किमतीच्या आकड्यानेही अनुभव बदलतो. गोळीचे हे होत असेल, तर हातात धरायच्या चकचकीत स्टिकचे का होणार नाही?

पैसे नेमके कशाचे?

पूर्वी या स्टिक लाकडाच्या असत. मग अॅल्युमिनियमचा दांडा आला आणि गेल्या पंचवीस वर्षांत कार्बन तंतूंची एकसंध स्टिक सगळीकडे पसरली. कार्बनचे तंतू राळेत भिजवून, थर रचून, साच्यात तापवून ती बनवतात. महागड्या स्टिकमध्ये कार्बनचे प्रमाण जास्त असते आणि थर बेताने लावलेले असतात. स्वस्त स्टिकमध्ये काचतंतू आणि राळ यांचा वाटा वाढतो. त्यामुळे वजन वाढते. वरच्या श्रेणीतली स्टिक सुमारे चारशे ग्रॅमची, स्वस्तातली पाचशेच्या आसपास आणि जुनी लाकडी सहाशेच्या पुढे असते. शंभर ग्रॅम म्हणजे फार नव्हे, पण हे वजन लांब दांड्याच्या टोकाकडे असेल तर मनगटाला जाणवते.

दुसरा फरक लवचिकतेचा. आइस हॉकीच्या स्टिकवर ‘फ्लेक्स’ नावाचा आकडा छापलेला असतो. दांडा एक इंच वाकवायला साधारण किती पौंड जोर लागेल, ते हा आकडा सांगतो. आकडा मोठा, तर स्टिक ताठ. हा आकडा स्वस्त आणि महाग अशा दोन्ही स्टिकवर सारखाच असू शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ही स्टिक धनुष्यासारखी काम करते. ‘स्लॅप शॉट’ या जोरदार फटक्यात स्टिकचे पाते आधी बर्फावर आपटते, तेही ‘पक’च्या थोडे मागे. पक म्हणजे घट्ट रबराची १५६ ते १७० ग्रॅमची चकती. पाते बर्फाला टेकले की खेळाडूच्या अंगाचा भार दांड्यावर येतो, दांडा वाकतो आणि त्यात ऊर्जा साठते. पाते पकला भिडते आणि दांडा सरळ होताना ती ऊर्जा पकला मिळते. हे सगळे डोळ्याची पापणी मिटायच्या आत घडते.

मोजमाप काय सांगते?

कॅनडातल्या माँट्रियल शहरातील मॅकगिल विद्यापीठात या फटक्याचा वर्षानुवर्षे अभ्यास झाला आहे. १९९९ मध्ये तिथल्या संशोधकांनी सहा कसलेल्या खेळाडूंच्या हाती वेगवेगळ्या ताठपणाच्या चार स्टिक दिल्या. त्यांतल्या कमी ताठ स्टिकने पक थोडा अधिक वेगाने गेला, पण फरक ताशी दोन-तीन किलोमीटरचाच होता. खेळाडू-खेळाडूंतला फरक त्याहून मोठा निघाला.

२००३ चा अभ्यास अधिक बोलका आहे. वीस पुरुष आणि वीस महिला, दोन्हींत निम्मे कसलेले आणि निम्मे साधारण. प्रत्येकाने तीन वेगवेगळ्या बनावटीच्या स्टिकने फटके मारले. पकचा वेग कौशल्य आणि अंगातली ताकद यांवर अवलंबून होता, स्टिकच्या प्रकारावर नव्हता. कसलेले खेळाडू हातांची जागा बदलून दांड्यावर अधिक भार टाकत आणि तो अधिक वाकवत.

पुढे याच विद्यापीठात अतिवेगवान चित्रीकरण करून पाते आणि पक किती वेळ एकमेकांना चिकटून राहतात, ते मोजले गेले. कसलेल्या खेळाडूंच्या फटक्यात तो वेळ सेकंदाच्या सुमारे ३८ हजारांश भागाइतका होता, हौशी खेळाडूंच्या फटक्यात २७. पकचा वेग अनुक्रमे ताशी सुमारे १२० आणि ८० किलोमीटर. वेग दीडपट म्हणजे पकमधली ऊर्जा सव्वादोनपट! ही तफावत कोणत्याही दुकानातून विकत आणता येत नाही.

मात्र एवढ्यावरून ‘स्वस्त आणि महाग सारखेच’ असा निकाल देणे घाईचे होईल. २००३ च्या अभ्यासातले खेळाडू कृत्रिम बर्फावर, जागच्या पकला, ताज्या दमाने फटके मारत होते. खऱ्या सामन्यात वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात. धावता पास झेलायचा असतो, अंगावर येणाऱ्या खेळाडूला चुकवायचे असते आणि शेवटच्या भागात खांदे भरून आलेले असतात. तिथे शंभर ग्रॅम जाणवू शकतात. स्टिक किती दिवस टिकते, हेही प्रयोगशाळेतल्या दहा फटक्यांतून कळत नाही. म्हणूनच चाचणी खेळात घ्यावी लागते आणि ती नीट घ्यावी लागते.

खेळातली चाचणी, औषधाच्या शिस्तीने

बहुतेकांची चाचणी अशी असते : नवी स्टिक घेतली, पुढच्या सामन्यात दोन गोल झाले, म्हणजे स्टिक उत्तम. पण माणूस नवी स्टिक कधी घेतो? बरेचदा खेळ खालावलेला असतो तेव्हा. वाईट दिवसांनंतर खेळ आपोआपच नेहमीच्या पातळीवर येतो आणि श्रेय स्टिकला मिळते. सर्दी भरात असताना घेतलेल्या काढ्याचे असेच होते. सर्दी तशीही उतरणारच असते, नाव काढ्याचे होते.

हा घोळ टाळायला औषधांच्या चाचणीतल्या काही सवयी उपयोगी पडतात. एक, बाकी सगळे सारखे ठेवावे. दोन्ही स्टिकची लांबी, फ्लेक्स आणि पात्याचा बाक एकच असावा, नाहीतर तुलना कशाची केली तेच कळणार नाही. दोन, नाव झाकावे. दोन्ही दांड्यांवर एकाच रंगाची टेप गुंडाळली की कंपनीची अक्षरे दिसत नाहीत. वजनातला फरक हाताला कळतोच, तो पूर्ण लपवता येत नाही. तेवढी त्रुटी निकाल वाचताना लक्षात ठेवावी. तीन, क्रम नशिबावर सोडावा. आज आधी कोणती, हे नाणे उडवून ठरवावे. नेहमी महागडी आधी घेतली तर थकव्याचा भुर्दंड दरवेळी स्वस्त स्टिकलाच पडेल. चार, एकाच खेळाडूने दोन्ही स्टिक आलटून पालटून वापराव्यात आणि बदल केल्यावर हात बसेपर्यंत काही फटके मोजू नयेत. पाच, काय मोजायचे ते आधीच लिहून ठेवावे : फटक्याचा वेग, दहापैकी किती नेमके लागले, किती पास पात्यावर थांबले. सरासरीबरोबर चढउतारही पाहावा. एकाच स्टिकच्या दहा फटक्यांत ताशी आठ किलोमीटरचा चढउतार असेल, तर दोन स्टिकमधला दोन किलोमीटरचा फरक दहा फटक्यांवरून सिद्ध होत नाही.

सहावी गोष्ट काळाची. तीन-चार आठवडे खेळून किती सराव झाले, दांड्यावर चरे कुठे पडले, पाते कधी मऊ पडले, याची नोंद ठेवावी. गोळीचे दुष्परिणाम पहिल्या दिवशी दिसत नाहीत, स्टिकचेही तसेच आहे.

तुटण्याचा धोका

टिकाऊपणाला आरोग्याचीही बाजू आहे. लाकडी स्टिक बरेचदा आधी चिरफळते, इशारा देते. कार्बनची स्टिक वरून धडधाकट दिसते आणि आतल्या थरांत तडा गेला असेल तर ऐन फटक्यात दुभंगते. तुटलेले टोक धारदार असते. म्हणूनच नियमाप्रमाणे तुटलेली स्टिक ताबडतोब हातातून टाकावी लागते, ती घेऊन खेळणाऱ्याला शिक्षा होते. महागडी स्टिकही यातून सुटत नाही. हलकेपणा आणि टिकाऊपणा दरवेळी हातात हात घालून येत नाहीत.

धड स्टिकनेही मोठी इजा होते. उंचावलेली स्टिक तोंडाला लागून दात पडतात, डोळा जातो. टोरांटोचे नेत्रतज्ज्ञ डॉ. टॉम पॅशबी यांनी सत्तरच्या दशकात हॉकीतल्या डोळ्यांच्या इजांच्या नोंदी देशभरातून गोळा केल्या. त्यांत स्टिक हे मोठे कारण निघाले. त्यांच्या पाठपुराव्यातून हेल्मेट आणि चेहऱ्याच्या जाळीसाठी मानके तयार झाली आणि लहान मुलांच्या हॉकीत पूर्ण चेहरा झाकणारी जाळी सक्तीची झाली. त्यानंतर मुलांमध्ये हॉकीमुळे डोळा गमावण्याच्या घटना अगदी विरळ झाल्या. हेल्मेटने मेंदूला बसणारा हादरा पूर्ण टळत नाही, पण कवटीचे आणि चेहऱ्याचे रक्षण नक्की होते. घरातले पैसे मोजकेच असतील, तर ते आधी कुठे जावेत याचे उत्तर इथेच मिळते.

लेहच्या बर्फावर

हा हिशेब आपल्या देशातही लागू पडतो. साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेह परिसरात हिवाळ्यात तळी गोठतात आणि मुले-मुली आइस हॉकी खेळतात. मुख्यतः लडाखच्या मुलींनी घडवलेल्या भारतीय महिला संघाने २०२५ मध्ये संयुक्त अरब अमिरातीतील अल ऐन येथे आशिया चषकात कांस्यपदक मिळवले. या खेळाचे साहित्य तिथे वर्षानुवर्षे देणग्यांतून आणि वापरलेल्या सामानातून आले आहे. ते पदक महागड्या स्टिकच्या जोरावर आलेले नाही.

वापरलेल्या स्टिकबाबत एक गोष्ट मात्र जपायला हवी. मोठ्यांची स्टिक लहान मुलासाठी कापली की ती अधिक ताठ होते, आणि लांबीच्या प्रमाणापेक्षा बरीच जास्त. दीडशे सेंटिमीटरच्या स्टिकमधून पाच सेंटिमीटर कापले, तर ताठपणा सुमारे दहा टक्क्यांनी वाढतो. एवढी ताठ स्टिक मुलाला वाकवता येत नाही. मग ते सगळा जोर मनगट आणि खांद्यातून लावते, चुकीची सवय लागते आणि दुखणेही मागे लागते. मोठ्या भावाची जड बॅट खेळणाऱ्या मुलाचा ड्राइव्ह बिघडतो, त्याचीच ही बर्फावरची आवृत्ती.

स्टिक घेताना

पहिल्यांदा हेल्मेट आणि चेहऱ्याची जाळी घ्यावी. ती मापाची आणि प्रमाणित असावी. मग फ्लेक्स पाहावा. वजनाच्या पौंडांतल्या आकड्याच्या निम्मा, हा ढोबळ नियम. साठ किलोच्या माणसाला सुमारे ६५, पस्तीस किलोच्या मुलाला चाळिसाच्या आतला. लांबी स्केट घातल्यावर हनुवटीपर्यंत पुरते. वाढत्या मुलाला योग्य फ्लेक्सची स्वस्त स्टिक ही चुकीच्या फ्लेक्सच्या महागड्या स्टिकपेक्षा केव्हाही बरी. प्रत्येक सरावानंतर दांड्यावरून बोट फिरवून चरे तपासावेत आणि वरचे टोक टेपने झाकलेले आहे ना, ते पाहावे. तडा दिसला की स्टिक बाद करावी, मग ती कितीही किमतीची असो.

वरच्या पातळीवर खेळणाऱ्याला शंभर ग्रॅमच्या फरकाचे मोल असू शकते. त्याने ते मोजून पाहावे आणि पटले तर खुशाल पैसे मोजावेत. बाकीच्यांनी स्टिकच्या किमतीतून वाचलेले पैसे बर्फावरच्या सरावाच्या तासांवर खर्च करावेत. पक पात्याला ३८ हजारांश सेकंद चिकटवून ठेवणारा हात तिथेच तयार होतो.