भूकंपरोधासाठी आर.सी.सी. स्तंभांचे सबलीकरण : वाशीम जिल्ह्याच्या संदर्भात

2024 च्या मार्च व जुलै महिन्यांत हिंगोली जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचे भूकंप नोंदले गेले व त्यांचे धक्के लगतच्या वाशीम जिल्ह्यातही जाणवले. भूकंपप्रवणतेच्या नकाशावर विसंबून हा विषय बाजूला ठेवता येत नाही. 30 सप्टेंबर 1993 पूर्वी किल्लारीचा परिसरही त्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यातच होता. किल्लारीत प्रामुख्याने दगडमातीची घरे कोसळली, त्यामुळे आर.सी.सी. इमारत म्हणजे सुरक्षितता, असा समज बळावला. 26 जानेवारी 2001 च्या भूजच्या भूकंपाने तो खोटा ठरविला. केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर असलेल्या अहमदाबादेत, तळमजला वाहनतळासाठी मोकळा सोडलेल्या अनेक बहुमजली इमारती कोसळल्या. वाशीम, कारंजा, रिसोड येथील बाजारपेठांत खाली दुकाने व वर निवास असलेल्या इमारती याच प्रकारात मोडतात.

अशा इमारतीत वरच्या मजल्यांना विटांच्या भिंतींमुळे ताठरपणा येतो, तर आडव्या हालचालीचा भार तळमजल्याच्या स्तंभांवर एकवटतो. स्तंभ सर्वाधिक वाकतो तो दोन्ही टोकांशी. तेथील रिंगा विरळ असतील व त्यांचे आकडे केवळ 90 अंशांत वाकविलेले असतील, तर वरचे काँक्रीट निखळताच रिंगा उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. म्हणूनच भारतीय मानक 13920 नुसार टोकांजवळ रिंगांतील अंतर 100 मि.मी. पेक्षा अधिक नसावे व आकडा 135 अंशांत वळवून गाभ्यात रोवावा. बांधकामाच्या वेळी हा खर्च किरकोळ असतो, नंतर मात्र तो बराच वाढतो.

जुन्या स्तंभासाठी काँक्रीटचे वेष्टन, म्हणजे जॅकेटिंग, हा रूढ उपाय आहे. गिलावा व सैल काँक्रीट काढून पृष्ठभाग खडबडीत करतात आणि नव्या सळया व रिंगा बांधून साधारण 100 मि.मी. जाडीचा थर देतात. या उभ्या सळया स्लॅबमधील छिद्रांतून वर आणि खाली पायापर्यंत नेणे अत्यावश्यक आहे. वेष्टन स्लॅबखालीच थांबविल्यास स्तंभ जाड दिसतो, पण कमकुवत सांधा तसाच राहतो. जागा अपुरी असल्यास लोखंडी अँगल व पट्ट्यांचा पिंजरा उपयोगी पडतो. तंतुमय पट्ट्यांचे आवरण रिंगांची उणीव भरून काढते. मात्र त्याने ताठरपणा फारसा वाढत नाही, म्हणजे मोकळ्या तळमजल्याचा मूळ दोष कायम राहतो. याउलट एखादाच स्तंभ जाड केल्यास तो अधिक बल स्वतःकडे ओढतो. त्यामुळे भारतीय मानक 15988 (2013) प्रमाणे संपूर्ण इमारतीचे मूल्यमापन आधी व्हावे लागते. शाळा-महाविद्यालयांच्या जुन्या इमारतींत स्तंभाच्या टोकाशी वरचे आवरण थोडे काढून रिंगांमधील अंतर मोजण्यापासून त्याची सुरुवात करता येते.