पालातल्या बाईचा वाली कोण?

सप्तशृंग गडाच्या पायथ्याशी असलेल्या वणीला नवरात्रात आणि चैत्रात भाविकांची रीघ लागते. दिंडोरी तालुक्यातील या परिसरात दुसरीही एक वर्दळ असते. परंतु तिची नोंद क्वचितच घेतली जाते. ऑक्टोबरच्या छाटणीपासून द्राक्षे उतरेपर्यंत सुरगाणा, पेठ भागातील पाड्यांवरून मजूर कुटुंबे येथील बागांवर येतात आणि मालकाच्या शेतातील खोलीत वा ताडपत्रीच्या पालात बिऱ्हाड मांडतात. अशा बिऱ्हाडातील स्त्रीला नवऱ्याचा मार खावा लागला, तर तिने कोणाकडे जावे, या प्रश्नाला आज समाधानकारक उत्तर नाही.

दारिद्र्यामुळेच पुरुष हात उगारतो, असा सोयीस्कर समज येथे प्रथम दूर केला पाहिजे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १८ ते ४९ वयोगटातील विवाहित स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसली आहे. पक्क्या भिंतींच्या घरांतही हे घडते. स्थलांतराने त्यात भर पडते ती निराळ्या कारणाने. पाड्यावर जाऊ असते, शेजारीण असते, चार जाणती माणसे असतात, हाकेच्या अंतरावर माहेर असते. ही सारी न्यायी असतातच असे नव्हे. पण त्यांच्या नजरेचा धाक असतो. बागेतल्या पालाला तो धाक नाही. शेजारचा मजूर स्वतःच परका. मुकादमाला काम थांबू नये एवढीच चिंता. त्यातच कामापूर्वी घेतलेली उचल बहुधा पुरुषाच्या नावावर आणि हिशेबही त्याच्याच हाती. ऊसतोडीत तर नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ मोजला जातो. दोघांच्या श्रमाला एकच नाव मिळाले, की मजुरीच्या हिशेबातून बाई नाहीशी होते. मग मार चुकवून ती निघून जाणार कशाच्या बळावर?

युद्धाने देशोधडीला लागलेल्या कुटुंबांत हीच गोष्ट अधिक उग्र रूपात दिसते. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ मध्ये त्या वसाहतीचे उल्हासनगर झाले. त्याच वर्षी पळवून नेलेल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी देशात कायदा झाला. परक्याने केलेल्या अत्याचाराची अशी दखल घेतली गेली. छावणीच्या खोलीत पतीच्या हातून झालेल्या अत्याचाराची गणती कोणी केली नाही. अलीकडे कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत काम करणाऱ्या संस्थांनाही स्त्रियांच्या तक्रारींत पतीच्या मारहाणीचे प्रमाण फार मोठे आढळले आहे. घर गेले, धंदा गेला, म्हणून पुरुषाचा तोल जातो, असे यावर सांगितले जाते. हे स्पष्टीकरण असेल, समर्थन नव्हे. घर तिचेही गेलेले असते. तरी ती हात उगारीत नाही.

कायदा मात्र समजला जातो तितका पांगळा नाही. १९८३ मध्ये भारतीय दंडविधानात ४९८ अ हे कलम आले. पुढे २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. पीडित स्त्री जेथे तात्पुरती राहते किंवा कामाला असते, तेथील न्यायदंडाधिकाऱ्याकडेही या कायद्यान्वये तिला दाद मागता येते. म्हणजे सुरगाण्याच्या बाईला वणीत मार बसला, तर तिने गावी परतण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. मिळालेला आदेश देशभर लागू असल्याने पाल हलले तरी संरक्षण सुटत नाही. उत्पन्न कितीही असो, स्त्रीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो.

तथापि, कायदा पालापर्यंत पोहोचतो कोठे? अर्ज शक्यतो साठ दिवसांत निकाली काढावा, अशी अपेक्षा कायद्यात आहे. प्रकरण लांबले, की हंगाम संपतो आणि तारखेच्या दिवशी ती स्त्री दुसऱ्याच तालुक्यात असते. सामाईक घरात राहण्याचा हक्कही तिला आहे. पण घर म्हणजे मालकाची ताडपत्री असेल, तर त्या हक्काला अर्थ किती उरतो? म्हणून हंगामात संरक्षण अधिकाऱ्याने ठरलेल्या दिवशी वणीसारख्या गावी येऊन बसावे; बाईची मजुरी तिच्याच हाती पडावी; निवारागृहाची माहिती तिला बागेवरच मिळावी. यांसाठी नवा कायदा नको, केवळ इच्छा हवी.

ही जबाबदारी एकट्या सरकारचीही नाही. हिंसेची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतो आणि ती सद्भावनेने दिली असेल, तर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे याच कायद्याचे चौथे कलम सांगते. मजुरांची मुले ज्यांच्या वर्गात येऊन बसतात त्या शिक्षकांना, दाखले देणाऱ्या कारकुनांना, सुट्टीत गावी येणाऱ्या विद्यार्थ्यांना हे कलम ठाऊक असले पाहिजे. शाळेच्या भिंतीवर १८१ हा मदतीचा क्रमांक लिहायला अनुदान लागत नाही. ‘त्यांच्या घरातले भांडण’ म्हणून मान फिरवणे सोपे आहे. परंतु जिला येथे माहेर नाही आणि शेजार नाही, तिच्यासाठी ती फिरवलेली मान म्हणजे शेवटचे दार बंद होणे होय.