बोटे विसरतात का?

सायकल एकदा आली की जन्मात विसरत नाही, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण वर्षभर पेटीला हात न लावलेला विद्यार्थी पुन्हा वाजवायला बसला, की बोटे अडखळतात आणि ‘सगळे गेले!’ म्हणून तो उठतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा? याचा विचार करायला एक नामी साधन आहे, जरी ते घरातल्या वडीलधाऱ्यांना फारसे रुचत नसले तरी. ते म्हणजे व्हिडिओ गेम. आणि तोही सेकंदाच्या साठाव्या भागाचा हिशेब मागणारा.

२००१ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीने ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’ हा खेळ बाजारात आणला. नेहमीच्या लढतीच्या खेळात प्रतिस्पर्ध्याची शक्ती संपवायची असते. येथे मात्र अधांतरी मंच असतो, त्यावर काही फळ्या असतात आणि उड्या मारत प्रतिस्पर्ध्याला मंचाबाहेर उडवायचे असते. त्याने जितका मार खाल्लेला, तितका तो दूर फेकला जातो. अशा खेळांना ‘प्लॅटफॉर्म फायटर’ म्हणतात. पडद्यावर दर सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे फ्रेम, उमटतात. एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची.

या खेळातील एकच युक्ती पाहू. हवेतून वार करून खाली येणारा गडी जमिनीवर क्षणभर खिळून राहतो. पण पाय टेकण्यापूर्वीच्या सात फ्रेममध्ये ढालीचे बटण दाबले, तर हा काळ निम्मा होतो. सात फ्रेम म्हणजे सेकंदाचा जेमतेम आठवा-नववा भाग! आता मित्राला एक पट्टी उभी धरून अचानक सोडायला सांगा आणि ती चिमटीत पकडा. पट्टी २० सेंटिमीटर घसरली, तर तुम्हाला ०.२ सेकंद लागले, म्हणजे १२ फ्रेम. तेव्हा पाय टेकताना पाहून मग बटण दाबू म्हटले, तर वेळ केव्हाच टळलेली असते. बटण आधीच, अंदाजाने दाबावे लागते आणि हा अंदाज शेकडो वेळा चुकूनच बोटांत मुरतो.

आता असे समजा, की एखाद्याने दहावीच्या परीक्षेसाठी हा खेळ सोडला आणि दोन वर्षांनी तो परतला. पहिल्याच दिवशी ओळीने हरला. त्याचे सारे खरेच गेले का?

विस्मरण मोजण्याची एक सुरेख रीत हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये मांडली. स्वतःच निरर्थक अक्षरगटांच्या याद्या पाठ करायच्या, काही काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा पाठ करायच्या. दुसऱ्या खेपेला किती वेळ वाचला, ती ‘बचत’. एका दिवसाने बचत सुमारे ३४ टक्के उरली, महिन्याने सुमारे २१ टक्के. यादी म्हणून दाखवता येत नसली, तरी तिचा काही अंश शिल्लक होता!

ही झाली पाठांतराची गोष्ट. हाताच्या कौशल्याचा हिशेब निराळा आहे. हेन्री मोलेसन या अमेरिकन रुग्णाच्या मेंदूवर १९५३ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि नव्या घटना लक्षात ठेवण्याची त्याची शक्ती गेली. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्याचा हात सुधारत गेला; पण हे आपण पूर्वी केले आहे, याची त्याला आठवणच नव्हती. पुढे १९६२ मध्ये फ्लाइशमन आणि पार्कर यांनी विमान चालवण्याशी मिळतेजुळते काम शिकवून माणसांना दोन वर्षांपर्यंतच्या खंडानंतर परत बोलावले. कौशल्य जवळजवळ शाबूत होते आणि जे थोडे घटले होते, ते काही मिनिटांत भरून आले.

मग आपला गडी हरला का? एक तर विश्रांतीनंतरचे पहिले काही प्रयत्न वाईटच जातात; गवयालाही गळा तापवावा लागतो. तेवढ्यावरून ‘हात गेला’ असा निकाल देणे घाईचे आहे. दुसरे, खेळातल्या सुट्या सुट्या क्रमवार कृती सलग हालचालींपेक्षा लवकर पुसट होतात. आणि प्रतिस्पर्धी काही दोन वर्षे झोपलेले नव्हते.

पण मला सर्वांत गमतीचे कारण वाटते ते तारांतले. प्रकाशतंतूतून संदेश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जायलाच २० मिलिसेकंद, एका फ्रेमहून अधिक! प्रत्यक्षातली केबल वळणे घेत जाते, ते वेगळेच. ‘मेली’मध्ये मुळात इंटरनेटची सोयच नव्हती, निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल करणाऱ्या ‘डॉल्फिन’ या संगणक-कार्यक्रमामुळे ती झाली. त्या वेळच्या पद्धतीत पलीकडचे बटण पोचेपर्यंत तुमचेही बटण रोखून धरले जाई. त्या उशिरात खेळलेल्यांची बोटे आपोआप थोडी आधी पडायला शिकत.

जून २०२० मध्ये ‘स्लिपी’ या प्रकल्पाने ‘मेली’ला नवी पद्धत दिली. तिची कल्पना २००६ च्या सुमाराची, टोनी कॅनन या अमेरिकन प्रोग्रॅमरची. यात संगणक थांबत नाही; पलीकडचा खेळाडू आत्ता करतो तेच पुढच्या फ्रेममध्ये करील, असे गृहीत धरतो. खरी बातमी आली आणि अंदाज चुकला असेल, तर चुकलेल्या फ्रेमपर्यंत मागे जाऊन तो सारे गणित पुन्हा करतो. कधी कधी समोरचा गडी एकदम जागा बदललेला दिसतो, तो यामुळेच. बटणाला उशीर येथेही असतो, पण तो थोडा आणि ठरावीक.

त्यामुळे जुन्या पद्धतीत तयार झालेला खेळाडू नव्या पद्धतीत परतला, की त्याची बोटे आधीच पडतात. म्हणजे बोटे विसरली म्हणून नव्हे, तर फार चोख लक्षात ठेवले म्हणून तो चुकतो! यावर नुसता जास्त सराव हा उपाय नाही. आपण लवकर दाबतो आहोत की उशिरा, हे एकट्याने खेळून आधी तपासायला हवे.

व्हिडिओ गेमशिवायही हा प्रयोग करता येतो. कागदावर एकात एक अशा दोन चांदण्या काढा, मध्ये अर्ध्या सेंटिमीटरची वाट ठेवा. समोर आरसा उभा करा, हातावर पुठ्ठ्याचा आडोसा धरा आणि आरशात पाहतच त्या वाटेतून पेन्सिल फिरवा. अशा दहा फेऱ्या करून प्रत्येकीची वेळ लिहून ठेवा. दिवाळीच्या सुटीनंतर पुन्हा बसा आणि जुनी दहाव्या फेरीची वेळ किती फेऱ्यांत गाठता, ते मोजा. समजा चार लागल्या, तर बचत सहा फेऱ्यांची, म्हणजे ६० टक्के. नव्या पहिल्या फेरीचा आकडा मात्र वेगळा लिहा आणि तो जुन्या पहिल्या फेरीशेजारी मांडा.