परक्या भाषेची अक्षरं, आपली मोडी

कॉम्प्युटरवर 'टाइम्स न्यू रोमन'मध्ये कॅपिटल 'आय' टाइप करून बघा. डोक्यावर आणि पायाशी छोट्या आडव्या रेघा दिसतील. यांना म्हणतात सेरिफ. 'एरियल'मध्ये त्या नसतात. रोमन शिलालेखांत या रेघा छिन्नीमुळे आल्या असा समज होता. आपल्या इथल्या, आयोवातल्या डेव्हनपोर्टचे फादर एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ च्या पुस्तकात वेगळं मत मांडलं. कारागीर अक्षरं आधी चपट्या ब्रशने रंगवत आणि मग कोरत. रेघेच्या टोकाशी ब्रश वळला की सेरिफ उमटे.

पुढे मठांमध्ये पिसाच्या लेखणीने पोथ्या लिहिल्या जाऊ लागल्या. सुमारे ८०० सालचं 'बुक ऑफ केल्स' आज डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात आहे. त्यात उभ्या रेघांच्या माथ्यावर पाचरीसारखी टोकं दिसतात. लेखणी आधी तिरकी टेकवून मग खाली ओढली की पाचर तयार!

आणखी एक गंमत. प्राचीन रोमन लोक बहुधा शब्द सलग लिहीत. लॅटिन त्यांचीच भाषा, त्यामुळे फारसं अडत नसे. आयरिश भिक्षूंना मात्र ती शिकावी लागे. त्यांनी सातव्या-आठव्या शतकात शब्दांमध्ये जागा सोडायला सुरुवात केली. ती सोय आज जगातल्या अनेक भाषांत वापरली जाते.

आपल्या मोडीचंही तसंच. आधी ओळभर शिरोरेघ, मग बोरू शक्यतो न उचलता खाली अक्षरं. शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. लिहिणारा घाईत, वाचणारा त्याच पठडीतला, म्हणून भागायचं. आज पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळातले कागद असोत की घरच्या ट्रंकेतलं पणजोबांचं खरेदीखत, मराठी उत्तम येणाऱ्यालाही ते उलगडत नाही. २०१४ मध्ये मोडी युनिकोडमध्ये आली खरी, पण हाताचं वळण वाचायला डोळाच तयार व्हावा लागतो.

इथे वाढणारी आपली मुलं त्या आयरिश भिक्षूंसारखीच, मराठी शिकून घेणारी. म्हणून आम्ही सुचवतो: घरी मोडी कागद असेल तर स्कॅन करून ठेवा, जाणकाराकडून वाचून घ्या आणि प्रत्येक ओळीखाली बालबोधीत, शब्द सुटे करून, उतरवून ठेवा. गावाकडे मोडी वाचणारं कुणी वडीलधारं असेल, तर पुढच्या भारतभेटीतच हे काम उरका.