टाकी गोव्यात, हिशेब कट्ट्यावर!

'खंय चल्लंस? गोव्याक? मगे हयसर पेट्रोल घालू नको, पत्रादेवीक घाल!' आमच्या कट्ट्याच्या बाजारात बाईकला किक मारली की हा सल्ला फुकट मिळतो. तुम्हीही तो ऐकला असेल, मित्राला दिलाही असेल. मीही देत होते. परवा वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला आणि गप्प बसले.

बघा हं. कट्टा ते पत्रादेवी, कुडाळ-सावंतवाडी-बांदा करत, साधारण ५५ किलोमीटर. जाऊन-येऊन ११०. बाईक लिटरला ५० देत असेल तर दोन लिटरहून जास्त पेट्रोल रस्त्यातच जळालं, म्हणजे दोनशेच्या वर रुपये गेले. दहा लिटरची टाकी भरली आणि लिटरमागं नऊ रुपये वाचले असं धरलं, तरी हाती आले ९०! वर अर्धा दिवस गेला तो वेगळाच. रोज कामाला गोव्यात जाणाऱ्या बांदा, सातार्डा, दोडामार्गच्या मुलांना मात्र हे पेट्रोल खरंच परवडतं. कारण त्यांना तिकडे जायचंच असतं.

पण मुळात दर वेगळे का? देशात १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि बहुतेक वस्तूंवरचा कर दोन्ही राज्यांत सारखा झाला. पेट्रोल, डिझेल आणि दारू मात्र अजून बाहेर आहेत. त्यांच्यावर राज्याचा कर किती लावायचा ते राज्य सरकार ठरवतं. महाराष्ट्र पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट घेतो आणि वर लिटरमागं ५ रुपये १२ पैसे. गोव्याचा कर यापेक्षा कमी. २०१२ मध्ये तर मनोहर पर्रीकरांच्या सरकारनं पेट्रोलवरचा व्हॅट जवळजवळ काढूनच टाकला आणि लिटरमागं एका झटक्यात साधारण ११ रुपये कमी झाले. तेव्हा आपल्याकडच्या गाड्यांची तोंडं तिकडे वळली नसती तरच नवल!

आता मोबाइल घ्या. 'म्हापशाला स्वस्त मिळतो' असं अजून कुणी म्हणत असेल तर त्याला बिल दाखवायला सांगा. मोबाइलवर १८ टक्के जीएसटी, कुडाळातही आणि म्हापशातही. दुकानदारानं डिस्काउंट दिला तर तो त्याच्या खिशातला, सरकारचा नाही. गंमत पुढेच आहे. करापूर्वीची किंमत २०,००० असेल तर कर ३,६००. त्यातले १,८०० केंद्राचे आणि १,८०० दुकान ज्या राज्यात आहे त्या राज्याचे. म्हणजे खरेदी म्हापशात केलीत तर तुमचे १,८०० गोव्याला. आणि एसटी वेळेवर का येत नाही, कॉलेजकडचा रस्ता असा का, म्हणून आपण ओरडणार इकडे!

'येताना दोन बाटल्या आण रे' हा फोन आला तर सरळ नाही म्हणा. विनापरवाना गोव्याची दारू इकडे आणणं हा महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे. इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या तपासतात. मित्राच्या शे-दोनशे रुपयांसाठी तुमच्या नावावर केस लागली, तर पुढे नोकरीच्या आणि पासपोर्टच्या पोलीस पडताळणीत ती वर येते. तेव्हा तो मित्र सोबत नसतो.

मग चिडायचं नाही का? चिडा, पण नेमकं चिडा. मालवणच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळतो, कारण मच्छीमारांनी आपली मागणी संघटनेनं लावून धरली. जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्रानं पेट्रोल लिटरमागं पाच रुपयांनी कमी केलं, तोही राज्य सरकारचाच निर्णय. म्हणजे हा दर हलतो, आणि तो हलवणारे तुमच्या-माझ्या मतावर निवडून येतात. आमदार गावात आले की आपण सेल्फी घेतो. पुढच्या वेळी सेल्फीच्या आधी एवढंच विचारा : साहेब, पत्रादेवीच्या अलीकडे आणि पलीकडे पेट्रोलमध्ये एवढा फरक का? आणि आमच्याकडून घेतलेला जादा कर या जिल्ह्यात नेमका कुठे खर्च झाला?

तोवर गोव्याला जायचंच असेल तर खुशाल जा, टाकीही भरा. फक्त टाकी भरायला म्हणून जाऊ नका.